"दुखतं का गं खूप?" : चेहऱ्याची इंजेक्शनं, बधिर करणारं मलम आणि आपली काळजी



गौरीगणपतीला मुंबईहून चाकरमानी मंडळी आली की खाऊच्या डब्यांबरोबर मुंबईच्या गोष्टीही येतात. नणंद सांगते, "मी चेहऱ्यावर पीआरपी करून घेतलं, मुरुमांचे खड्डे बरेच भरून आले." भाची सांगते, "आमच्याकडे लग्नाआधी सगळ्या इंजेक्शनं घेतात." पूर्वी आपण हे ऐकून सोडून द्यायचो. आता मोबाईल उघडला की त्याच जाहिराती दिसतात, आणि तालुक्याच्या गावातही असले उपचार मिळायला लागले आहेत.

बैठकीत हा विषय निघाला की पहिला प्रश्न पैशांचा येत नाही. कुणीतरी हळूच विचारतं, "दुखतं का गं खूप?" बाकीच्या हसतात, पण उत्तर सगळ्यांनाच हवं असतं. प्रश्न अगदी बरोबर आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

इंजेक्शन घ्या किंवा घेऊ नका, हे सांगायला हा लेख नाही. तो निर्णय तुमचा. पण घ्यायचं ठरवलं तर दुखणं कमी कसं करतात, त्यात धोका कुठे असतो आणि कुठलं दुखणं अजिबात सोसायचं नाही, हे आपल्याला माहीत असायलाच हवं.

आधी इंजेक्शनं कुठली ते बघू

"चेहऱ्याचं इंजेक्शन" असं आपण एका शब्दात म्हणतो, पण प्रकार वेगवेगळे आहेत आणि दुखणंही वेगवेगळं.

*व्रणातलं इंजेक्शन.* भाजल्यावर, टाके पडल्यावर किंवा कान टोचल्यावर काहींना जाड, टणक, खाजरा व्रण उठतो. त्याला केलॉइड म्हणतात. तो बसावा म्हणून त्यात स्टेरॉइडचं औषध सुईने भरतात. व्रण कडक असल्यामुळे औषध जोर लावून आत घालावं लागतं, म्हणून हे बरंच दुखतं. एकदा घेऊन भागत नाही, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा घ्यावं लागतं.

*पीआरपी.* आपल्याच हाताचं रक्त काढतात, यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेट असलेला पिवळसर भाग वेगळा करतात आणि तो चेहऱ्यात किंवा डोक्याच्या कातडीत टोचतात. काही ठिकाणी बारीक सुयांच्या पेनाने चेहराभर टोचून वरून तो लावतात. टोचे खूप असतात, म्हणून कपाळ आणि वरचा ओठ इथे चांगलंच झोंबतं.

*बोटॉक्स.* हे औषध स्नायू काही महिने सैल ठेवतं, त्यामुळे कपाळावरच्या आठ्या कमी दिसतात. सुई बारीक आणि टोचे थोडे, म्हणून दुखणंही थोडं.

*फिलर.* हे जेलसारखं औषध. खोल गेलेली जागा भरायला वापरतात. आत जाताना ताणल्यासारखं, दाबल्यासारखं वाटतं. दुखण्यापेक्षा त्याचा धोका मोठा आहे, तो पुढे सांगते.

*"गोरेपणाचं इंजेक्शन".* ग्लुटाथिओन नावाचं औषध शिरेतून देतात आणि रंग उजळेल असं सांगतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे तिथल्या एफडीएने, रंग उजळवण्यासाठी एकाही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही. भाताच्या लावणीत, आंब्याच्या बागेत, मासळी सुकवताना दिवसभर ऊन लागून गालावर वांग आले असतील, तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. वांगांवरचा पहिला उपचार उन्हापासून बचाव आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम हाच आहे.

दुखणं कमी कसं करतात?

पोर अंगणात पडून गुडघा आपटलं की आपण काय करतो? पटकन तिथे चोळतो आणि पोर रडायचं थांबतं. ही नुसती माया नाही, त्यामागे शास्त्र आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये ते मांडलं. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एक फाटक लागतं. चोळल्याचा, दाबल्याचा, थरथरीचा निरोपही त्याच वेळी पोचला तर ते फाटक थोडं मिटतं आणि दुखण्याचा निरोप कमी जातो. म्हणूनच सुई टोचताना शेजारची कातडी चिमटीत दाबून धरतात किंवा थरथरणारं छोटं यंत्र बाजूला टेकवतात.

दुसरा उपाय बर्फ. मिरकरवाडा बंदरावर बर्फातली मासळी निवडणाऱ्या बाईला विचारा, थोड्या वेळाने बोटांना काही कळत नाही. डॉक्टरही तेच करतात. कापडात गुंडाळलेला बर्फ टोचायच्या जागी एक-दोन मिनिटं धरतात. उघडा बर्फ फार वेळ ठेवला तर कातडी गारठून भाजल्यासारखी होते, म्हणून कापड हवंच.

तिसरा उपाय सुईचाच. सुईवर लिहिलेला गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. 30 नंबरची सुई 24 नंबरपेक्षा बारीक असते. नवी, धारदार, बारीक सुई आणि हळूहळू सोडलेलं औषध, एवढ्यानेही बराच फरक पडतो. पुष्कळ टोचे द्यायचे असतील तर मध्येच सुई बदलतात, कारण वापरून तिची धार जाते.

चौथा उपाय भुलीचा. टाके घालताना किंवा दाढ काढताना जागा बधिर करणारं जे इंजेक्शन देतात, त्यातलं औषध बहुतेक वेळा लिग्नोकेन असतं. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन या शास्त्रज्ञाने ते 1943 मध्ये शोधलं आणि झायलोकेन या नावाने ते जगभर पोचलं. काही फिलरमध्ये ते आधीच मिसळलेलं असतं. ओठाजवळ काम असेल तर दाढेला देतात तशी भूल देऊन तेवढा भाग बधिर करता येतो.

आणि पाचवा, आपल्या हातातला. सुई जाताना लांब श्वास सोडायचा, मूठ दाबायची, बरोबर आलेल्या बाईशी बोलत राहायचं. घाबरलेलं अंग जास्त दुखतं. म्हणून एकटीने जाऊ नका.

मलम साधं वाटतं, पण ते औषध आहे

सगळ्यात जास्त वापरतात ते बधिर करणारं मलम. त्यात बहुधा लिग्नोकेन आणि प्रिलोकेन ही दोन औषधं असतात. लावल्याबरोबर त्याचा गुण येत नाही, साधारण तासभर लागतो. पुष्कळदा पंधरा मिनिटांत पुसून सुई सुरू करतात आणि मग "मलम लावून पण दुखलं" अशी तक्रार येते. दोष मलमाचा नसतो, घाईचा असतो.

पण उलटी चूकही होते, आणि ती जिवावर बेतते. 2007 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने लोकांना जाहीर सावध केलं. तिथे 22 आणि 25 वर्षांच्या दोन तरुणींनी लेझरने पायांचे केस काढण्याआधी, दुखू नये म्हणून बधिर करणारं मलम दोन्ही पायांना लावलं. वरून प्लास्टिक गुंडाळलं. दोघींना झटके आले, दोघी बेशुद्ध झाल्या आणि पुढे दोघीही गेल्या. त्यांनी काही वेडंवाकडं केलं नव्हतं. सांगितलं होतं तसंच केलं होतं.

असं का झालं? मलम कातडीतून रक्तात जातं. जागा जितकी मोठी, थर जितका जाड, वेळ जितका जास्त, तितकं औषध जास्त आत जातं. वरून प्लास्टिक गुंडाळलं किंवा ऊब मिळाली तर आणखी वेगाने जातं. सोललेल्या, खरचटलेल्या, भाजलेल्या कातडीतूनही तसंच. काजूच्या टरफलातल्या तेलाने हात पोळतात ते आपल्याला ठाऊक आहे. तशा पोळलेल्या जागेवर हे मलम लावायचं नाही. रक्तात प्रमाणाबाहेर गेलं की हे औषध मेंदू आणि हृदयावर परिणाम करतं.

म्हणून या गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा:

- किती मलम, किती जागेवर, किती वेळ हे डॉक्टरच ठरवतील. "थोडं जास्त लावते, म्हणजे कमी दुखेल" असं करू नका.
- मलम लावून घरून निघू नका. राजापूर किंवा मंडणगडकडून एसटीने यायचं, गाडी उशिरा, वर उकाडा. तासाचे तीन तास होतात आणि मलम अंगावरच राहतं. दवाखान्यात पोचल्यावर, त्यांच्या डोळ्यांसमोर लावून घ्या.
- प्लास्टिक गुंडाळू नका. डॉक्टर कधी छोट्या जागेवर चिकटपट्टी लावतात, ते मोजून केलेलं असतं. घरी तसं करायचं नाही.
- नाव नसलेल्या डबीतलं, किंवा मोबाईलवरून मागवलेलं "जास्त पॉवरचं" मलम नको. ट्यूबवर औषधाचं नाव, टक्के आणि मुदत वाचा. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या.
- मलमाचा हात डोळ्याला लागू देऊ नका. लहान मुलांच्या हाती ट्यूब पडू देऊ नका.

मलम लावल्यावर किंवा भुलीचं इंजेक्शन दिल्यावर ओठांभोवती मुंग्या येणं, तोंडाला धातूसारखी चव येणं, कानात आवाज येणं, गरगरणं, जीभ जड होणं किंवा अंग थरथरणं यांतलं काहीही जाणवलं तर लगेच सांगा. ओठ, नखं निळसर दिसली आणि दम लागला तरी तसंच. मलम ताबडतोब पुसायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. दवाखान्याबाहेर असाल तर 108 ला फोन करून रुग्णवाहिका मागवा.

जाण्याआधी हे सांगा, लपवू नका

- पूर्वी दाढ काढताना किंवा टाके घालताना भुलीच्या औषधाने त्रास झाला असेल तर.
- दिवस गेले असतील, तशी शंका असेल, किंवा बाळ अंगावर पीत असेल तर.
- हृदयाचा, फिट्सचा किंवा लिव्हरचा आजार असेल तर.
- रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर. ती आपल्या मनाने बंद करू नका.
- कुष्ठरोगाचे उपचार चालू असतील तर. त्यातलं डॅप्सोन हे औषध आणि मलमातलं प्रिलोकेन एकत्र आलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊ शकते. हा आजार औषधांनी बरा होतो. तो सांगण्यात कमीपणा नाही, लपवण्यात मात्र धोका आहे.
- तोंडाला वारंवार फोड येत असतील, किंवा त्या जागी पुरळ, पू असेल तर.

आणि उपाशीपोटी जाऊ नका. संकष्टी असेल तर दुसरा दिवस घ्या. रिकामं पोट, भीती आणि सुई एकत्र आली की चक्कर येऊन पडायला होतं. मनाने वेदनेची गोळी घेऊन जाऊ नका. काही गोळ्यांनी रक्त जास्त वेळ वाहतं, जागा काळीनिळी होते. कुठली चालेल ते आधी विचारा.

हे दुखणं सोसायचं नाही

आपल्याला लहानपणापासून सोसायला शिकवलं आहे. बाळंतपणाच्या कळा सोसल्या, तिथे सुईचं काय, असं आपण म्हणतो. दवाखान्यात "दुखतंय का?" असं विचारलं तरी मान हलवून नाही म्हणतो. इथे ते करू नका. दुखणं हा शरीराचा निरोप आहे. तो डॉक्टरांपर्यंत पोचला नाही तर त्यांना कळणार कसं?

फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला, तर पुढचा रक्तपुरवठा तुटतो. तेव्हा खूणच अशी असते की एकाएकी जोराची कळ येते आणि कातडी पांढरीफटक पडते किंवा जाळीसारखी निळसर होते. क्वचित नजरही जाते. अशा वेळी मिनिटं महत्त्वाची असतात. बहुतेक फिलर हायलुरोनिक ॲसिडचे असतात, ते विरघळवणारं इंजेक्शन मिळतं, पण ते वेळेत द्यावं लागतं. भुलीमुळे कधी ही कळ झाकली जाते. म्हणून जाणकार डॉक्टर काम करताना रंगाकडेही लक्ष ठेवतात. घरी आल्यावर कळ सुरू झाली तरी "सकाळी बघू" म्हणू नका. नजर अंधुक झाली तर थेट मोठं रुग्णालय गाठा.

नेहमीचं दुखणं कसं असतं? एक-दोन दिवस ठणका, थोडी सूज, लाली, एखादा निळा डाग. ते दिवसागणिक कमी होत जातं. उलट दोन-तीन दिवसांनी दुखणं वाढलं, जागा गरम लागली, पू आला किंवा ताप चढला, तर जंतू गेलेत असं समजा आणि दवाखाना गाठा. हळद, चुना, कुठलाही लेप टोचलेल्या जागी लावू नका.

पार्लर चालवणाऱ्या ताईंसाठी

आपल्या गटांतल्या कितीतरी मुलींनी ब्युटी पार्लरचं प्रशिक्षण घेतलं, गटाचं कर्ज काढून खुर्ची-आरसा घेतला. त्यांचा अभिमान वाटतो. त्यांच्याकडेही आता मागणी येते, "तू पण टोचून दे ना, बाहेर महाग पडतं." कुणी एजंट येऊन एका दिवसाचं शिक्षण आणि सर्टिफिकेट देऊ करतो.

ताई, नाही म्हणा. सुईने कातडीत औषध घालणं हे डॉक्टरचं काम आहे. तुमच्या खुर्चीत कुणाला झटका आला तर तुमच्याकडे प्राणवायू नाही, औषध नाही, परवाना नाही. गिऱ्हाईक जिवाला मुकेल आणि तुमचं कर्ज, नाव, धंदा सगळंच जाईल.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात असंच घडलं. परवाना नसलेल्या एका स्पामध्ये बायकांनी पीआरपी करून घेतलं आणि त्यातून एचआयव्हीची लागण झाली. 2018 मध्ये तो स्पा बंद झाला. पुढे 2024 मध्ये तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेने अहवाल दिला, की सौंदर्याच्या इंजेक्शनमधून एचआयव्ही झाल्याची ही पहिलीच नोंद. एकदाच वापरायची साधनं तिथे पुन्हा वापरली गेली होती.

वॅक्सिंग, नाक-कान टोचणं, टॅटू यांच्याआधीही बधिर करणारं मलम सर्रास फासू नका. तुमचं कौशल्य फेशियलमध्ये आहे, मेंदीत आहे, नवरी सजवण्यात आहे. ते तुमचं, आणि ते पुरेसं आहे.

टोचून घेण्याआधी हे सात प्रश्न

1. तुमची पदवी कोणती आणि नोंदणी क्रमांक काय? ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाईटवर तपासता येते.
2. औषधाचं नाव काय? बाटली माझ्यासमोर उघडणार का?
3. सुई आणि सिरिंज नवी, सीलबंद आहे ना?
4. दुखू नये म्हणून काय करणार? मलम असेल तर किती वेळ?
5. मला त्रास झाला तर इथे काय सोय आहे?
6. किती वेळा यावं लागेल आणि सगळा मिळून खर्च किती?
7. रात्री दुखायला लागलं तर कुणाला फोन करू?

चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. जो रागावतो, "तुला काय कळतंय" म्हणतो, तिथून उठून या. पैसे आगाऊ भरले नसतील तर उठणं सोपं जातं. म्हणून "पॅकेज" एकदम घेऊ नका आणि त्यासाठी गटाचं कर्ज तर नकोच.

केलॉइड, भाजल्याचे व्रण, वांग, मुरुमांचे खड्डे यांसाठी आधी सरकारी रुग्णालयात विचारा. रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय आहे. चिपळूणकडच्या ताईंना कामथ्याचं, खेडकडच्यांना कळंबणीचं आणि दापोलीकडच्यांना दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय जवळ पडतं. डेरवणला वैद्यकीय महाविद्यालयाचं वालावलकर रुग्णालय आहे. त्वचेचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते आशाताईंना विचारून मगच निघा, म्हणजे फेरी फुकट जाणार नाही. आरोग्याचा सल्ला 104 या नंबरवरही मिळतो.

शेवटी एकच. चेहरा नीट दिसावा असं वाटणं यात काही चूक नाही. भाजलेला व्रण झाकायला बारा महिने पदर ओढून बसणाऱ्या बाईला विचारा, तिच्यासाठी ती हौस नसते. फक्त सुईखाली बसताना तोंड मिटून बसू नका. दुखलं तर दुखतंय म्हणा, थांबा म्हणायचं असेल तर थांबा म्हणा.

येत्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा आणि सात प्रश्न वहीत उतरवून घ्या. ज्या ताईला दवाखान्यात जायचं आहे, तिच्याबरोबर कोण जाणार तेही त्याच बैठकीत ठरवा.